सोबतीची नोकरी

मी पंचवीस वर्षे प्रवासी बोटीवर नोकरी केली. पुण्यात हे कुणाला सांगितले की पुढचे तीन प्रश्न ठरलेले असतात. पगार किती होता? वादळ कधी पाहिले का? आणि तिसरा, जरा आवाज खाली आणून, "तिथे नाचगाणे, दारू सगळेच असेल ना?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दोन मिनिटांत संपतात. तिसऱ्याला मी "असते" एवढेच म्हणत आलो. विचारणाऱ्यालाही तेवढेच हवे असते. गेल्या वर्षी मात्र हा प्रश्न घरातूनच आला, आणि एका शब्दावर भागण्यासारखा नव्हता.

माझ्या थोरल्या आपाचा मुलगा सत्तावीस वर्षांचा आहे. त्याने आझम कॅम्पसमधून बी.कॉम. केले, दोन वर्षे खराडीच्या एका कंपनीत काढली आणि मग ती नोकरी सोडून विमाननगरच्या एका स्टुडिओत नाच शिकवू लागला. साल्सा, वॉल्ट्झ, चा-चा. लग्नाच्या आधी नवरा-नवरीला 'संगीत'साठी चार पावले बसवून द्यायची, यावर तो स्टुडिओ चालतो. घरात हे कुणाला आवडले होते असे नाही, पण पोरगा महिन्याला पैसे आणतो, सिगारेटही ओढत नाही, म्हणून चालून गेले. मग एका एजन्सीमार्फत त्याला प्रवासी बोटीवर नृत्यशिक्षक म्हणून बोलावणे आले. सात महिन्यांचा करार. त्या दिवशी दुल्हाभाई जेवणाच्या दस्तरखानावरून उठून गेले. रात्री आपाचा फोन आला, "तू बोटीवर होतास. तू समजाव त्याला." दहा मिनिटांनी भाच्याचा फोन आला, "मामू, तुम्ही बोटीवर होतात. तुम्ही अब्बांना समजवा."

दोघांनाही समजावण्याआधी तिथे नक्की काय असते ते सांगणे भाग होते. तेच इथे लिहितो आहे, कारण आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरची मुले आज बोटीवर आहेत किंवा जाण्याच्या तयारीत आहेत.

बोट आमच्या घराला नवी नाही. आमचे मूळ गाव दापोली तालुक्यातले. माझे मोठे चाचा पी अँड ओ कंपनीच्या बोटीवर टंडेल होते. त्या काळी बोटीवरची कामे मुलखानुसार वाटलेली असत. डेकवर आपले कोकणचे आणि गुजरात किनाऱ्याचे लोक, खाली इंजिनखात्यात पंजाब, सरहद्द आणि सिल्हेटकडचे, आणि खाणे वाढण्याची, केबिनची कामे बहुतेक गोव्याच्या माणसांकडे. सारंग, टंडेल, कसाब, भंडारी, टोपास ही हुद्द्यांची नावे इंग्रज कप्तानाच्याही तोंडी होती. वरच्या मजल्यावर साहेब-मडमा नाचतात हे चाचांना ठाऊक होते, पण तो मजला त्यांच्या कामाचा नव्हता. वाद्यांचा आवाज तेवढा खाली यायचा, असे ते सांगत.

मला तो मजला पाहायला मिळाला. अब्बा पुण्यात आले, कॅम्पात नोकरीला लागले आणि आम्ही इथलेच झालो. मी हॉटेलचे शिक्षण घेतले, काही वर्षे पुण्यातल्या हॉटेलात काढली आणि १९९४ मध्ये बोटीवर गेलो. जेवणघरात वाढपी म्हणून सुरुवात केली. वाइनची ऑर्डर घेणारे आणि ओतणारे लोक तिथे वेगळे असतात, त्यामुळे माझा संबंध ताटांशी आणि चहाशी. काही वर्षांनी मला दुपारच्या चहाच्या पथकात घेतले. इंग्रजी वळणाच्या बोटींवर दुपारचा चहा हा मोठा सोहळा असतो. साडेतीन वाजता पांढरे हातमोजे घालून आम्ही ओळीने आत जायचो. चहाच्या किटल्या, काकडीचे सँडविच, स्कोन, साय आणि मुरंबा. हा चहा ज्या दालनात व्हायचा, तेच नाचाचे दालन.

तिथे फरशीऐवजी गुळगुळीत लाकडी जमीन असते. भोवती टेबले, एका टोकाला वाद्यवृंद. 'क्वीन मेरी २' ही ३४५ मीटर लांबीची बोट २००४ मध्ये पहिल्या सफरीवर निघाली. तिच्यातले 'क्वीन्स रूम' हे दालन या कामासाठी जगभर प्रसिद्ध आहे. इतर बोटींवरची दालने लहान असतात, पण वहिवाट तीच. दुपारी चहाबरोबर थोडा नाच, रात्री जेवणानंतर मोठा नाच. सकाळी किंवा दुपारी शिकवणी.

आपल्याकडे नाच म्हटला की सिनेमातला नाच डोळ्यांसमोर येतो. हा तसा नसतो. वॉल्ट्झ तीन मात्रांचा. आपल्या दादऱ्याची ज्याला ओळख आहे त्याच्या पायाला तो लगेच कळेल. फॉक्सट्रॉट, क्विकस्टेप, रुंबा, चा-चा हे चार मात्रांचे, केरव्याच्या अंगाचे. जोडीने, ठरावीक अंतर ठेवून, ठरावीक पावले टाकत दालनाला फेरी मारायची. सगळ्या जोड्या एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट फिरतात, नाहीतर टक्कर होईल. आमच्या लहानपणी कॅम्पात ख्रिस्ती आणि पारशी शेजाऱ्यांच्या समारंभांत हे चालायचे. गोव्याचे वाजवणारे हीच गाणी वाजवत आणि त्यांच्यातलेच काही मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत जाऊन बसले. म्हणून जुन्या हिंदी गाण्यांत वॉल्ट्झची चाल इतक्यांदा सापडते.

आता त्या टेबलांवर कोण बसते ते सांगतो. लांब सफरीच्या बोटींवर, म्हणजे जानेवारीत निघून सारी पृथ्वी फिरून शंभराहून जास्त दिवसांनी परतणाऱ्या बोटींवर, प्रवासी बहुतेक साठी-सत्तरीच्या पुढचे. त्यांत एकट्या बायका खूप. जगात जवळपास सगळीकडे बाई पुरुषापेक्षा जास्त जगते आणि नवराही बहुधा वयाने मोठा असतो. त्यामुळे म्हातारपणाचा शेवटचा टप्पा बाई एकटीने काढते. या बायका तरुणपणी नवऱ्याबरोबर नाचलेल्या असतात. संगीत सुरू झाले की त्यांचे पाय टेबलाखाली ताल धरतात, पण उठायला जोडीदार नसतो.

म्हणून कंपन्यांनी एक वेगळीच नोकरी काढली. तिला 'डान्स होस्ट' म्हणतात, जुन्या लोकांत 'जंटलमन होस्ट'. म्हणजे यजमान. साधारण पंचेचाळीस ते सत्तरीपर्यंतचा, नीट बोलणारा, सगळे नाच येणारा पुरुष. काम असे, की एकट्या आलेल्या बाईजवळ जायचे, अदबीने विचारायचे, एक नाच नाचायचा, तिला परत तिच्या खुर्चीपर्यंत पोहोचवायचे, आभार मानायचे आणि पुढच्या बाईकडे जायचे. जेवणाच्या वेळी एकट्या बायकांच्या टेबलावर बसून गप्पा चालू ठेवायच्या. नाचाच्या शिकवणीत जोडीदार कमी पडेल तिथे उभे राहायचे. बंदरावर फिरायला नेणाऱ्या बसमध्ये सोबत जायचे. १९९७ मध्ये वॉल्टर मॅथाऊ आणि जॅक लेमन यांचा 'आउट टू सी' नावाचा विनोदी सिनेमा याच नोकरीवर आला होता. त्यात हे काम मौजेचे दाखवले आहे. मी जे पाहिले त्यात मौज कमी आणि मेहनत जास्त होती.

बहुतेक होस्टना पगार नसतो, असला तर नावापुरता. राहणे, खाणे, कपडे धुणे आणि प्रवास फुकट. त्या बदल्यात काम. काही एजन्सी तर उलट त्यांच्याकडूनच दर दिवसाचे थोडे पैसे घेतात. केबिन दोघांत एक, बहुधा आतल्या बाजूची, खिडकी नसलेली. बुटांचे तळ मऊ कातड्याचे, कारण रबरी तळाने पाय वळत नाही आणि गुडघा जातो. रात्रभर उभे राहून पाय सुजत. आमच्यातला एक गोव्याचा सहकारी त्यांना बादलीत गरम पाणी आणि मीठ नेऊन द्यायचा. ते प्रवासी नव्हते आणि आमच्यासारखे खलाशीही नव्हते. प्रवाशांच्या जेवणघरात जेवत, पण प्रवाशांनी भरलेल्या अभिप्रायाच्या कागदावर त्यांचे नाव आमच्यासारखेच असे. चेहरा हसरा ठेवणे ही आमची ड्यूटी, तशीच त्यांची.

आणि नियम. एकाच बाईबरोबर लागोपाठ दोन नाच नाहीत. सर्वांना सारखी पाळी. देखणी असो, कुरूप असो, पाय चुकवणारी असो, भांडकुदळ असो. कुणाच्या केबिनमध्ये पाऊल टाकायचे नाही. एकांतात बसायचे नाही. प्रेमप्रकरण तर नाहीच. एका सफरीत एका होस्टची एका श्रीमंत बाईशी जवळीक वाढली अशी कुजबुज झाली. तीन दिवसांनी पुढच्या बंदरावर त्याची बॅग खाली उतरली होती. खरे काय, खोटे काय, कुणी फार चौकशी केली नाही. त्या रात्री उरलेल्या तिघांनी चौथ्याच्या वाटणीच्या बायकांनाही नाचवले आणि कुणीही त्याचे नाव घेतले नाही.

माझ्या लक्षात राहिले ते इंग्लंडच्या उत्तरेकडचे एक निवृत्त हेडमास्तर. बायको वारल्यावर त्यांनी हे काम धरले होते. नाच त्यांना बायकोनेच शिकवला होता. त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात एक छोटी वही असे. तिच्यात बायकांची नावे आणि पुढे खुणा. कुणाची पाळी झाली, कुणाची राहिली. शाळेच्या हजेरीपटासारखी. रोज चहाच्या वेळी ते कोपऱ्यात उभे राहून वही चाळायचे आणि मग निघायचे.

त्याच सफरीत चौऱ्याऐंशी वर्षांची एक बाई होती. कंबरेचे ऑपरेशन झालेले, हातात काठी. तिला नाचता येणे शक्य नव्हते. पण ती रोज नाचाचे बूट घालून यायची, खांबाजवळच्या टेबलावर बसायची. मी तिला चहा द्यायचो. दूध आधी, मग चहा, साखर नाही. हेडमास्तर रोज तिच्यापुढे जाऊन किंचित वाकत आणि विचारत, "हा नाच माझ्याबरोबर?" ती म्हणे, "आज बसूनच घेऊ." मग ते शेजारच्या खुर्चीवर बसत, आणि एक पूर्ण गाणे संपेपर्यंत दोघे बोलत किंवा नुसते ऐकत. गाणे संपले की उठून तिचे आभार मानत. वहीत तिच्याही नावापुढे खूण पडे. तिचा मुलगा कॅनडात होता, रविवारी फोन करायचा. एकदा तिने मला विचारले, "तुझी आई कुठे असते?" मी म्हटले, "पुण्यात, माझ्या भावाकडे, घरात नऊ माणसे आहेत." ती म्हणाली, "मग ती सुखी आहे." मी हो म्हटले आणि पुढच्या टेबलाकडे गेलो.

हे सगळे मी दुल्हाभाईंना सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी जो प्रश्न विचारला तो बरोबरच होता. "नियम चांगले आहेत. पण परक्या बाईचा हात हातात घ्यायचा की नाही?" घ्यायचा. ते आपल्या दीनमध्ये बसत नाही, हे त्यांना जसे ठाऊक आहे तसे मलाही आहे. त्याला मी सोयीचा अर्थ लावायला गेलो नाही. फतवा देणे हे माझे काम नव्हे आणि भाच्यासाठी मी तो मागायलाही गेलो नाही. तो सज्ञान आहे, विचारायचे तर त्याने स्वतः जाऊन विचारावे. पण एक गोष्ट मी त्यांच्यापुढे ठेवली. बोटीवरच्या नाचाला 'गोऱ्यांची बेशरमी' म्हणून मोकळे होणे सोपे आहे. गोऱ्यांनाही हा नाच एकेकाळी बेशरमीच वाटला होता. १८१६ मध्ये इंग्लंडच्या राजघराण्यातल्या समारंभात वॉल्ट्झ नाचला गेला, तेव्हा लंडनच्या 'द टाइम्स'ने त्यावर कडक टीका केली होती. म्हणजे लाज त्यांनाही होती. शंका आपल्यालाच येते आणि बाकीचे जग डोळे मिटून चालले आहे, असे नसते. त्या दालनात मी पंचवीस वर्षांत वासना फार थोडी पाहिली. एकटेपण मात्र रोज पाहिले. विरोध करायचा तर तिथे काय आहे ते पाहून करावा, एवढेच माझे म्हणणे होते.

भाच्याला मी वेगळे सांगितले. तो तरुण आहे. होस्ट म्हणून नव्हे, तर शिकवणारा म्हणून जाणार. त्याच्या डोळ्यांपुढे समुद्र, बंदरे आणि टाळ्या. मी त्याला बोटीच्या पोटातला रस्ता सांगितला. प्रत्येक मोठ्या बोटीच्या खालच्या मजल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा एक लांब बोळ असतो. अमेरिकन वळणाच्या बोटींवर त्याला तिथल्या हमरस्त्याच्या नावावरून 'आय नाइंटी-फाइव्ह' म्हणतात. सामान, कचरा, तीस-चाळीस देशांची माणसे, सगळे त्यातून वाहत असते. आमचे आयुष्य त्या बोळात. आठवड्याचे सातही दिवस काम, पूर्ण सुट्टीचा दिवस करार संपेपर्यंत नाही. न्यूयॉर्ककडे जाताना जवळपास रोज रात्री घड्याळ एक तास मागे जाते आणि परतताना तेवढीच झोप कापली जाते. नमाज कसर करून, मिळेल त्या कोपऱ्यात. किब्ला रोज नव्याने शोधायचा. रमजानमध्ये आम्ही सात-आठ जण सहेरीला आदल्या रात्रीचा भात बाजूला काढून ठेवत असू. एका ईदला आम्ही बिस्के उपसागरात होतो आणि समुद्र इतका उसळला होता की सिजद्यातून उठताना भिंत धरावी लागत होती.

मग कागदपत्रांचे. हे प्रत्येक घराने लक्षात ठेवावे असे आहे. बोटीवर माणसे पाठवणाऱ्या एजन्सीकडे मुंबईच्या डायरेक्टर जनरल ऑफ शिपिंगच्या कार्यालयाचा परवाना लागतो. त्याला 'आरपीएसएल' म्हणतात. परवान्याचा क्रमांक मागून घ्यावा आणि त्या कार्यालयाच्या यादीशी ताडून पाहावा. 'मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६' हा खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. पासपोर्ट, खलाशाचे ओळखपुस्तक म्हणजे 'सीडीसी', आणि वैद्यकीय दाखला यांचा खर्च आपला. बाकी 'सर्व्हिस चार्ज', 'प्रोसेसिंग', 'सीट पक्की करण्याचे' असे कुणी लाखभर मागितले तर तिथूनच परत फिरावे. विश्रांतीचाही नियम आहे, चोवीस तासांत किमान दहा तास आणि सात दिवसांत किमान सत्त्याहत्तर. आग लागली तर, बोट सोडायची वेळ आली तर काय करायचे याचे प्रशिक्षण नाचणाऱ्यालाही घ्यावे लागते, कारण भोंगा वाजला की तो नाचणारा राहत नाही, एखाद्या जीवरक्षक नावेपाशी उभा राहून माणसे मोजणारा होतो. भाच्याच्या एजन्सीचा परवाना आम्ही तपासला. तो खरा निघाला. करारात विमानाचे परतीचे भाडे कोण देणार हे स्पष्ट नव्हते. ते लिहून घ्यायला मी त्याला सांगितले.

त्याचा निर्णय मी हे लिहीपर्यंत झालेला नाही. वैद्यकीय तपासणी पुढच्या महिन्यात आहे. एक बदल मात्र झाला. दुल्हाभाई आणि तो आता एका दस्तरखानावर बसून वाद घालतात. आपा म्हणते, पूर्वी दारे आपटायची. आता आवाज चढतात, तेवढेच. तो परवा मला म्हणाला, "मामू, तुम्ही हेडमास्तरांचे सांगितले नसते तर बरे झाले असते. मला नाचायला जायचे होते, तुम्ही मला बसायला शिकवताय." मी हसलो. नोकरी कोणतीही घेतली तरी ते त्याला उपयोगी पडेल.

पण या सगळ्यातला मला सर्वांत जास्त हलवून गेलेला प्रसंग या वादात घडलाच नाही. तो नाना पेठेत, माझ्या खालाच्या खोलीत घडला. खाला अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. खालू गेल्याला सहा वर्षे झाली. घर भरलेले, दोन मुलगे, दोन सुना, पाच नातवंडे. औषधे वेळेवर, जेवण वेळेवर, डोळ्यांचे ऑपरेशन चांगल्या दवाखान्यात झाले. कुणी बोट दाखवावे असे काही नाही. बोटीवरून कायमचा परत आल्यापासून मी दर गुरुवारी जोहरनंतर त्यांच्याकडे जाऊन बसतो. भाच्याची हकीकत त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. त्यांनी विचारले म्हणून मी होस्ट, त्या बायका, चौऱ्याऐंशी वर्षांची ती काठीवाली, सगळे सांगितले. मला वाटले, 'तौबा तौबा' म्हणतील. त्या बराच वेळ तसबीह फिरवत राहिल्या. खाला दखनीत बोलतात, मी मराठीत लिहितो. त्या म्हणाल्या, "पैसे घेऊन का असेना, विचारते तरी कुणी."

मग त्यांनी इद्दतचे सांगितले. खालू गेल्यावर चार महिने दहा दिवस त्या घराबाहेर पडल्या नाहीत. पण त्या दिवसांत घर कधी रिकामे नव्हते. नणंदा, भावजया, मोहल्ल्यातल्या बायका, जुन्या शेजारणी, कुणी पुलाव घेऊन येई, कुणी यासीन पढायला, कुणी नुसतीच बसायला. रडू आले तर शेजारी खांदा होता. इद्दत संपली, नवे कपडे घातले, आणि दुसऱ्या दिवसापासून येणे थांबले. "आता मी बाहेर जाऊ शकते, म्हणून कुणी येत नाही. आणि मी जाऊ कुठे? जिने चढवत नाहीत," त्या म्हणाल्या. घरातली माणसे? "ती विचारतात. गोळी घेतली का, जेवलात का. हो म्हटले की जातात." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. पावसाबद्दल बोलावे तसे सांगितले.

विलायतेत २०१८ मध्ये सरकारने एकटेपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमला, २०२१ मध्ये जपाननेही नेमला. आपल्याकडे ही बातमी आली तेव्हा आम्ही मित्रांनी हसून घेतले, की बघा, माणसांना माणसे उरली नाहीत. भारतात २०११च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसे दहा कोटींहून जास्त होती आणि त्यांत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त होती. आपल्या समाजात वृद्धाश्रमात पाठवण्याची चाल कमी आहे, याचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो असावाही. पण वृद्धाश्रमात न पाठवणे आणि सोबत देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोटीवरच्या त्या बाईने माझ्या घरातली नऊ माणसे ऐकून आई सुखी आहे असे ठरवले. माझ्या खालाच्या घरातही नऊच माणसे राहतात, खाला धरून दहा.

आजाऱ्याला भेटायला जाणे, मय्यतीला जाणे, सलामाला उत्तर देणे हे आपल्यात एकमेकांवरचे हक्क मानले आहेत. ते आपण पाळतो, कारण त्यांना निमित्त असते. निमित्त नसलेल्या दिवशी कोण जाते? हेडमास्तरांना निमित्त नोकरीने दिले होते, आणि त्यांच्या खिशात वही होती. मला ती वही राहून राहून आठवते. प्रेमाला वही कशाला, असे कुणी म्हणेल. पण वही होती म्हणूनच खांबाजवळची काठीवाली सुटली नाही. मनावर सोडले असते तर ज्या बायका हसऱ्या होत्या, चांगल्या नाचत होत्या, त्यांचीच पाळी चारदा आली असती.

खालाच्या नातीला मी हे सांगितले. ती बारावीला आहे, वाडिया कॉलेजात. फार बोलली नाही. पण तिने घरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने नावे टाकली. सोमवारी मोठा भाऊ, मंगळवारी ती स्वतः, बुधवारी धाकटी चाची, याप्रमाणे. काम एकच. मगरिबच्या आधी अर्धा तास दादीजवळ बसायचे. मोबाइल बाहेरच्या खोलीत. औषध आणि जेवण सोडून कोणताही विषय. पहिल्या आठवड्यात सगळे अवघडले. मोठा नातू तर म्हणाला, "दादीशी बोलू काय?" खालाच म्हणाल्या, "तुझ्या बाइकची किंमत सांग." तिथून गाडी सुरू झाली. आता खालाला पेट्रोलचा भाव रोज ठाऊक असतो. मोहल्ल्यातल्या आणखी दोन म्हाताऱ्या बायका शुक्रवारी जुम्यानंतर त्यांच्याकडे येतात. नातू त्यांना हाताला धरून जिना चढवून आणतो आणि खाली सोडतो. चहा, नानखटाई, आणि तिघींच्या जुन्या पुण्याच्या गोष्टी. कॅलेंडरवर दोन-तीन दिवस रिकामेही जातात. नात त्यांवर फुली मारते आणि दुसऱ्या दिवशी ज्याचा दिवस होता त्याला दाखवते.

गुरुवार माझा आहे. गेल्या गुरुवारी भाचाही माझ्याबरोबर आला होता. खालाने त्याला समोर बसवले आणि विचारले, "तिथे गेलास तर त्या म्हाताऱ्यांशी कोणत्या भाषेत बोलशील?" तो म्हणाला, "इंग्रजीत, दादी." खाला म्हणाल्या, "आधी माझ्याशी दखनीत नीट बोलून दाखव." तो तासभर बसला. निघताना त्याने त्यांना आपल्या बुटाचा मऊ तळ दाखवला. त्यांनी त्यावरून बोट फिरवले आणि "हे पावसात टिकायचे नाहीत," म्हणाल्या. मग नातीने कॅलेंडर आणले आणि रविवारच्या रिकाम्या चौकटीत, बोट सुटेपर्यंत म्हणून, त्याचे नाव लिहिले.